अक्कलदाढ काढल्यावर: दुखतंय किती यापेक्षा दुखणं कुठे चाललंय ते बघा

प्रश्न असा आहे: "खालची डावी अक्कलदाढ तीन दिवसांपूर्वी काढली. दाढ आडवी होती. हिरडी उघडून, हाड थोडं कोरून, दाढेचे दोन तुकडे करून काढावी लागली. तीन टाके आहेत. पहिल्या दिवसापेक्षा आज गाल जास्त सुजलाय. तोंडात जेमतेम एक बोट जातं. खड्ड्यात पांढरं काहीतरी दिसतं. दिवसा सहन होतं, रात्री ठणका कानापर्यंत जातो. गोळ्यांची सवय नको म्हणून अगदीच असह्य झालं की घेतो. काही बिघडलंय का? पू झालाय का? ड्राय सॉकेट म्हणतात ते हेच का? अजून किती दिवस?"

तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द दाढ काढणाऱ्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात मला घाबरण्यासारखं काही दिसत नाही. वाढलेली सूज, न उघडणारं तोंड, पांढरा थर, रात्रीचा ठणका, हे सगळं आडवी दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी बहुतेकांना असतं. चुकतेय ती एकच गोष्ट, गोळ्या घेण्याची पद्धत. ती आज रात्रीपासूनच सुधारता येईल.

त्याआधी एक साधं काम करा. माझ्याकडून दाढ काढून जाणाऱ्या प्रत्येकाला मी औषधाच्या चिठ्ठीमागे रकाने आखून देते. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना दुखण्याला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यायचा आणि तो लिहून ठेवायचा. एकट्या आकड्यावरून मला फार काही कळत नाही, कारण एकाचा सहा तो दुसऱ्याचा तीन असतो. पण चार दिवसांचे आकडे ओळीने समोर आले की बरंच कळतं. ७, ७, ६, ५, ५, ४ अशी ओळ असेल तर जखम भरतेय, मग त्या सातने तुम्हाला रात्रभर जागवलं असलं तरीही. ६, ४, ३, ३, ८ अशी असेल तर मला तुम्हाला त्याच दिवशी बघायचं असतं. दुखणं किती आहे यापेक्षा ते उतरतंय की उलटलंय हे महत्त्वाचं. तुमच्या प्रश्नांची बहुतेक उत्तरं यातच आहेत.

आता गोळ्या. "असह्य झालं की घेतो" हे मी रोज ऐकते, आणि त्यामागची भीती मला समजते. पण पहिले तीन दिवस वेदनाशामक घड्याळावर घ्यायचं असतं, दुखण्यावर नाही. हाड कोरलं, हिरडी उचलली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करायला लागतात. ही द्रव्यं वेदनेच्या मज्जातंतूंना हळवं करून ठेवतात, मग साधा स्पर्शही ठणका बनतो. आयबुप्रोफेनसारखी औषधं हे द्रव्य तयार होणंच रोखतात, पण जे आधी तयार होऊन बसलंय ते पुसून टाकत नाहीत. म्हणून ठणका शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी तास-दीड तास काही करत नाहीये असं वाटतं, माणूस वैतागून दुसरी घेतो, आणि दिवसाचा हिशेब केला तर वेळेवर घेणाऱ्यापेक्षा याच्याच पोटात जास्त गोळ्या गेलेल्या असतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझी स्वतःची खालची अक्कलदाढ काढली. दुपारभर जबडा बधिर होता, काही दुखत नव्हतं, म्हणून मी गोळी घेतलीच नाही. रुग्णांना मात्र "भूल उतरायच्या आत पहिली गोळी घ्या" असं रोज सांगत होते. रात्री दोन वाजता जबड्याच्या हाडात घण पडायला लागले तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. तेव्हापासून मी रुग्णाला पहिली गोळी खुर्चीतून उठायच्या आधी, माझ्यासमोर घ्यायला लावते.

नेमकं काय घ्यायचं? दुसरा काही आजार नसलेल्या प्रौढ माणसाला बहुतेक वेळा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन्ही एकत्र, दर सहा तासांनी, काहीतरी खाऊन, असं पहिले दोन-तीन दिवस दिलं जातं. दोन्हींच्या कामाच्या वाटा वेगळ्या आहेत, त्यामुळे जोडीचा परिणाम एकेकट्यापेक्षा चांगला येतो. हे अंदाजाने ठरलेलं नाही. नवीन वेदनाशामक तपासायचं असेल तेव्हा जगभरातले संशोधक अक्कलदाढ काढलेल्या तरुणांकडेच वळतात, कारण माणसं निरोगी असतात आणि दुखणं किती व कधी होणार याचा अंदाज असतो. त्यामुळे या दुखण्यावर कुठलं औषध किती चालतं हे फार बारकाईने मोजलं गेलंय. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही दात काढल्यानंतरच्या दुखण्यावर हीच औषधं पहिली, आणि अफूच्या वर्गातली ओपिऑइड औषधं शक्यतो टाळावीत, असंच म्हटलंय. तेव्हा "आणखी जोरदार गोळी" मागण्याआधी हाताशी असलेली गोळी वेळेवर घेऊन बघा. सवयीची भीती ओपिऑइडच्या बाबतीत खरी आहे. या दोन गोळ्या तीन-चार दिवस घेतल्याने सवय लागत नाही.

पण पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. बाजारात दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात, सर्दी-तापाच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, आणि न कळत दुप्पट डोस जातो. प्रौढ माणसाला चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाऊ नये. मी माझ्या रुग्णांना ३ ग्रॅमवरच थांबायला सांगते, आणि यकृताचा त्रास किंवा रोज मद्य घेण्याची सवय असेल तर त्याहूनही कमी. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकाने उठणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं, गर्भारपण, यांपैकी काहीही असेल तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. ॲस्पिरिन दुखण्यासाठी घेऊ नका, त्याने रक्तस्राव लांबतो. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी चालू केलेली ॲस्पिरिन स्वतःहून बंदही करू नका. आणि ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याचा उपाय कुणी सुचवला तर मुळीच ऐकू नका. हिरडी अक्षरशः भाजते. पांढरी पडून सोलवटलेली अशी हिरडी मी अनेकदा पाहिली आहे.

अँटिबायोटिकचं काम वेगळं. ते जंतूंवर चालतं, वेदनेवर नाही. "अँटिबायोटिक घेतोय तरी दुखतंय" यात आश्चर्य काहीच नाही. दिलं असेल तर सांगितलेले दिवस पुरे करा, दिलं नसेल तर मागून घेऊ नका. ते मेट्रोनिडॅझोल असेल तर त्या दिवसांत मद्य पूर्ण वर्ज्य.

सुजेबद्दल. सूज दाढ काढल्या दिवशी सगळ्यात जास्त असेल असं सगळे धरून चालतात, आणि तिथेच घोळ होतो. ती अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांपर्यंत वाढत जाते आणि मग उतरायला लागते. म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात जो चेहरा दिसतो तो बहुधा सगळ्यात वाईट चेहरा असतो. त्याच दिवशी लोक घाबरून फोन करतात. पुढे ती खाली उतरते, जबड्याच्या कडेला आणि मानेवर पिवळट-हिरवट डाग दिसतात. ते आत साकळलेलं रक्त असतं, आठ-दहा दिवसांत जिरतं. बर्फाचा उपयोग पहिल्या चोवीस तासांत, फार तर दीड दिवस. आता तुम्ही बर्फ लावत असाल तर थांबवा आणि कोमट पाण्यात पिळलेला रुमाल दिवसातून चार-पाच वेळा, वीस-वीस मिनिटं गालावर ठेवा. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या. रात्री ठणका वाढण्याचं एक कारण अगदी साधं आहे. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. दुसरं कारण, रात्री लक्ष गुंतवायला दुसरं काही नसतं. तेव्हा रात्रीची गोळी ठणका लागण्याची वाट न पाहता झोपायच्या अर्धा तास आधी घ्या.

तोंड न उघडणं हे अनेकांना दुखण्यापेक्षाही भीतिदायक वाटतं, जबडा कायमचा अडकला की काय असं होतं. चावण्याचे स्नायू खालच्या अक्कलदाढेला अगदी लागून आहेत. सूज त्यांच्यापर्यंत पोचते, भुलेची सुईही तिथूनच जाते, आणि स्नायू स्वतःला आखडून घेतो. एक ते दोन आठवड्यांत तो सुटतो, पण त्याला थोडी मदत लागते. उद्यापासून, कोमट शेक झाल्यावर लगेच, अंगठा वरच्या पुढच्या दातांवर आणि तर्जनी खालच्या दातांवर ठेवून कात्रीसारखं हळूच उघडा. ताण जाणवेल तिथे थांबा, दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. ताण हवा, कळ नको. मोजमाप स्वतःच्या बोटांनी करा. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. आज एक आहे, तीन-चार दिवसांनी दीड-दोन झाली की समजा ठीक चाललंय. इथेही मी दिशाच बघते. सातव्या-आठव्या दिवशी तोंड आधीपेक्षा कमी उघडायला लागलं तर मात्र आत संसर्ग पसरतोय का हे तपासावं लागतं.

आता ते पांढरं. एक तरुणी चौथ्या दिवशी आली होती, खड्ड्यातून पुन्हा रक्त येत होतं. मोबाइलचा टॉर्च लावून आरशासमोर उभी राहून तिने दात कोरायच्या काडीने तो "पू" साफ करायचा प्रयत्न केला होता. तो पू नव्हता. गुडघा खरचटल्यावर जी खपली धरते, तीच तोंडात धरते. गुडघ्यावरची वाळून तपकिरी होते, तोंडातली सतत ओली राहते म्हणून पांढरट-पिवळी, बुळबुळीत दिसते. रक्त गोठताना तयार होणाऱ्या फायब्रिन नावाच्या प्रथिनाचं ते जाळं आहे, आणि त्याच्याखाली नवी हिरडी भरत येते. तिने काडीने उचकटलं ते हेच. पू ओळखायचा तर तो दाबल्यावर पाझरतो, चव घाण लागते, सोबत ताप असतो किंवा सूज नव्याने चढते. नुसतं पांढरं दिसणं म्हणजे काहीच नाही. टॉर्च कपाटात ठेवा.

कानाचंही तसंच. कान, जबडा आणि खालचे दात यांच्याकडून मेंदूकडे जाणारी वेदना एकाच मोठ्या मज्जातंतूच्या फांद्यांतून जाते, आणि ती नेमकी कुठून आली हे ओळखण्यात मेंदूची गल्लत होते. कानात औषध घालू नका. शेजारच्या दाढेला गार-गरम लागणं, त्या बाजूने गिळताना घसा दुखणं, ओठाचा कोपरा फाटणं, हेही त्याच यादीतलं. आठवड्याभरात जातं.

ड्राय सॉकेटवर मात्र मी थोडं थांबून बोलणार आहे, कारण "दुखणारच, सहन करा" या सल्ल्याने लोक नाहक हाल काढतात. दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. तीच हाडावरचं पांघरूण, आणि पुढचं सगळं भरून येणंही तिच्यातूनच. ही गुठळी वेळेआधी विरघळली किंवा निसटली की खाली हाड उघडं पडतं. क्रॉफर्ड नावाच्या दंतवैद्याने १८९६ साली याला ड्राय सॉकेट म्हटलं, आणि आजही तेच नाव चालतं. खालच्या जबड्यात हे वरच्यापेक्षा बरंच जास्त, आणि दाढ काढायला जितकी अवघड तितकी शक्यता जास्त. तंबाखू, कुठल्याही रूपातली, हे मोठं कारण. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांतही प्रमाण वाढलेलं दिसतं.

ओळखायचं कसं? पहिले दोन-तीन दिवस बरं वाटत जातं, आणि मग साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसात दुखणं उलटतं. खोल, कुरतडणारं, कानाकडे आणि कानशिलाकडे धावणारं. आतापर्यंत उपयोगी पडणारी गोळी हात टेकते. तोंडाला घाण वास आणि चव येते. ताप मात्र बहुधा नसतो, सूजही वाढत नाही. तुमच्या बाबतीत दुखणं मधे उतरून पुन्हा उसळलेलं नाही, ते पहिल्यापासून रात्री वाढतंय आणि गोळी घेतली की दबतंय. म्हणून मी याला आज ड्राय सॉकेट म्हणणार नाही. पण तुम्ही त्याच्या दिवसांत आहात, म्हणून आजपासून दोन दिवस तो आकडा न चुकता लिहा.

मघाशी लिहिलेली ६, ४, ३, ३, ८ ही ओळ एका खऱ्या चिठ्ठीवरची आहे. आठ लिहिल्यानंतरही तो मुलगा दीड दिवस घरी थांबला, कारण घरच्यांनी "अक्कलदाढ आहे, दुखणारच" असं सांगितलं होतं. खुर्चीत बसला तेव्हा तळहात गालावर गच्च दाबलेला. टाके सुटले होते. कोमट सलाइनने खड्डा धुतला तशी तपकिरी पाण्यातून अन्नाचे बारीक कण बाहेर आले, आणि तळाशी हाड दिसलं, कोरडं, राखाडी झाक असलेलं. पाण्याचा थेंब त्यावर पडला तरी त्याची टाच पायपट्टीवर आपटत होती. युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातलं मुख्य द्रव्य, त्यात भिजवलेली गॉजची, म्हणजे जखमेसाठीच्या जाळीदार कापडाची, बारीक पट्टी मी आत सोडली. एक मिनिट काही नाही. मग गालावरचा हात हळूहळू खाली आला. दहा मिनिटांनी मी परत आले तर तो बाहेरच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपला होता. दोन रात्रींची झोप होती ती. पट्टी दोन-तीन वेळा बदलावी लागली आणि दहा-बारा दिवसांत खड्डा भरू लागला.

ड्राय सॉकेट हा मुळात जंतुसंसर्ग नाही, म्हणून नुसत्या अँटिबायोटिकने तो सुटत नाही. धुणं आणि औषधी पट्टी हाच त्याचा उपाय, आणि तो दवाखान्यातच होतो. युजेनॉलचं वाचून कुणी घरी लवंगेचं तेल कापसावर घेऊन खड्ड्यात घालू नये. शुद्ध तेल ओल्या जखमेला भाजून काढतं आणि बसलेली गुठळी उचकटतं. दवाखान्यातली पट्टी मोजून भिजवलेली असते आणि वेळेवर काढलीही जाते. आत विसरलेला कापूस पुढे वेगळाच त्रास देतो.

ती गुठळी टिकवण्यासाठीच पहिल्या चोवीस तासांत चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका असं सांगतात. तोंडात ओढ निर्माण झाली की गुठळी निसटू शकते. तुमचे ते चोवीस तास उलटले. आता उलट स्वच्छता हवी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना. गुळणी खळखळून करायची नाही. पाणी तोंडात घ्या, डोकं त्या बाजूला कलवा, मिनिटभर राहू द्या, मग वाकून तोंड उघडा आणि पाणी आपोआप पडू द्या. क्लोरहेक्झिडिनचं औषधी पाणी दिलं असेल तर दिवसातून दोनदा, पेस्टने दात घासल्यावर निदान अर्ध्या तासाने. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकांनी त्याचा जोर कमी होतो. फार दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग येतात, म्हणून सांगितल्यापेक्षा जास्त दिवस नको.

दात घासणं बंद केलं असेल तर आजच सुरू करा. जखमेच्या भीतीने लोक आठवडाभर ब्रश लावत नाहीत, आणि टाक्यांवर साचलेल्या किटणानेच हिरडी लाल होते. मऊ ब्रश, टाक्यांच्या एक दात अलीकडे थांबायचं. तोंड उघडत नसेल तर लहान मुलांचा ब्रश आणा, त्याचं डोकं छोटं असतं आणि एका बोटाच्या फटीतूनही मागच्या दाढांपर्यंत पोचतं.

खाणं मऊ, कोमट, दुसऱ्या बाजूने. पहिले दिवस गिळता येईल असं काहीही चालेल, फक्त उपाशी राहू नका. रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन पोटात जळजळ झालेले रुग्ण मला दुखणाऱ्यांइतकेच दिसतात. बारीक दाणे, बिया, कुरकुरीत तुकडे खड्ड्यात जाऊन बसतात, ते दोन आठवडे लांब ठेवा. हाड बरंच कोरावं लागलं असेल तर कडक काही फोडून खाणं महिनाभर टाळा. तिथला जबडा तेवढे दिवस कमजोर असतो. तो मोडण्याचे प्रसंग फारच विरळ, पण घडतात, आणि घडतात तेव्हा बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांनी, "आता बरं झालंय" म्हणून कडक चावताना. सिगारेट किंवा तंबाखू असेल तर किमान आठवडाभर बंद. यात मी कधीच सूट देत नाही.

रक्ताचं तुम्ही विचारलं नाही, म्हणून थोडक्यात. पहिला दिवसभर लाळ गुलाबी असते, आणि चमचाभर रक्त लाळेत मिसळलं की वाटीभर वाटतं. पुन्हा रक्त यायला लागलं तर ओला पिळलेला गॉज खड्ड्यावर बरोबर ठेवून अर्धा तास घट्ट चावून बसायचं, मधे उघडून बघायचं नाही. दर पाच मिनिटांनी बघणाऱ्यांचंच रक्त थांबत नाही. दोनदा असं करूनही लाल रक्त भरत राहिलं तर डॉक्टर गाठा.

ओठाचा किंवा जिभेचा अर्धा भाग अजून बधिर असेल तर ते मात्र डॉक्टरांना आजच कळवा. भूल काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला तर दाढेच्या मुळांजवळून जाणाऱ्या मज्जातंतूला ताण बसलेला असू शकतो. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत परत येते. मधे मुंग्या येतात, टोचल्यासारखं होतं, ते परतीचं लक्षण. पण सुरुवातीची नोंद झालेली असली तरच पुढे सुधारणा मोजता येते, आणि सुधारणा होत नसेल तर पुढचे उपाय वेळेत करता येतात.

वरची दाढ काढलेल्यांसाठी एवढंच: तिच्या मुळांच्या वर सायनसची पोकळी असते, म्हणून दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. पाणी पिताना नाकातून यायला लागलं तर कळवायचं.

वाट न बघता, रात्र असली तरी, रुग्णालयात जायचं ते कधी? गिळता येत नाही, लाळही गिळवत नाही, श्वास घेताना अडतंय, आवाज तोंडात काहीतरी कोंबल्यासारखा झालाय, जिभेखालचा भाग कडक होऊन वर आलाय. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली वर्णन केलेला हा जबड्याखालचा पसरता संसर्ग आहे. तो विरळ आहे, पण तासातासाने वाढतो आणि श्वासाची वाट बंद करू शकतो. त्याच्या खालोखाल, म्हणजे त्याच दिवशी दाखवायचं असं: १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, उतरायला लागलेली सूज पुन्हा चढणं, खड्ड्यातून पू, आणि तो उलटलेला आकडा.

अजून किती दिवस, हा तुमचा शेवटचा प्रश्न. गोळ्या वेळेवर घेतल्या तर उद्या-परवापासून ठणका बोथट होईल. पाचव्या-सहाव्या दिवशी एखादी गोळी विसराल, आणि विसरलात की कमी करायची वेळ आली. आधी रात्रीची ठेवून दिवसाची सोडा, मग तीही. विरघळणारे टाके एक ते तीन आठवड्यांत सुटतात, जेवताना दोरा तोंडात आला तर दचकू नका. रेशमाचे असतील तर सातव्या दिवसाच्या आसपास काढावे लागतात, ते काढताना चिमटा बसल्याएवढंच होतं. हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने जातात.

मधल्या काळात खड्ड्यात अन्न अडकेल. आठवड्यानंतर डॉक्टरांना विचारून बोथट वाकड्या टोकाची प्लास्टिकची सिरिंज घ्या आणि जेवणानंतर कोमट पाण्याने खड्डा हलक्या हाताने धुवा, आतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. खालच्या दाढेला हे खड्डा उथळ होईपर्यंत करायचं. न केल्यास कधी कधी महिन्याभराने, सगळं विसरल्यावर, गाल अचानक सुजतो. हिरडीखाली दबून राहिलेले कण हे त्याचं नेहमीचं कारण. आणि काही आठवड्यांनी जिभेला तिथे काही टोचलं, तर दाढेचा तुकडा राहिला म्हणून घाबरू नका. बहुतेक वेळा तो हाडाचा तांदळाएवढा कण असतो, हिरडी त्याला आपणहून बाहेर ढकलते. स्वतः ओढू नका, दाखवा. मिनिटाचं काम असतं.

आज रात्री मात्र एवढंच करा. काहीतरी मऊ खा, मिठाचं पाणी धरा, चिठ्ठीतली गोळी झोपायच्या अर्धा तास आधी घ्या, पुढच्या डोसाचा गजर लावा, दोन उशा घ्या. सकाळी उठल्यावर पहिला आकडा लिहा. आणि डॉक्टरांना फोन करायची वेळ आलीच तर "खूप दुखतंय" असं न सांगता ती ओळच वाचून दाखवा, तोंडात किती बोटं जातात ते सांगा, ताप मोजून सांगा.